आजोबांची पत, नातवाची तिजोरी

पेशव्यांच्या घराण्यात बाजीराव नावाचे दोघे होऊन गेले, एक आजोबा आणि दुसरा नातू. आजोबा १७२० साली, वयाच्या विसाव्या वर्षी पेशवा झाला आणि १७४० च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला वारला, तेव्हा त्याच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. सावकारांच्या पाया पडता पडता कपाळ झिजले, अशी तक्रार त्याने आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रात केली आहे. मस्तानीच्या प्रकरणामुळे पुण्यातील कर्मठ मंडळींच्या लेखी तो नीतिभ्रष्ट ठरला होता आणि शेवटच्या वर्षी घरात मुंज-लग्नाची कार्ये निघाली, तेव्हा त्याला त्यांपासून दूर राहावे लागले. नातू १७९६ च्या डिसेंबरात पेशवेपदावर आला. स्नानसंध्या, व्रतवैकल्ये, पंढरीच्या वाऱ्या आणि श्रावणातील दक्षिणा यांत त्याने सहसा खंड पडू दिला नाही, आणि कर्जाऐवजी त्याच्याजवळ खासगी संपत्तीचा मोठा साठा झाला. आजोबाच्या काळात मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात कायमच्या बसल्या. नातवाने ३ जून १८१८ रोजी स्वतःला इंग्रज सेनाधिकारी जॉन माल्कमच्या स्वाधीन केले आणि राज्य संपले.

माणसांची नीती घसरली म्हणून समाज बुडाला, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत आणि पेशवाईच्या शेवटाविषयी तर ते हमखास म्हटले जाते. ते चुकीचे आहे असे मला वाटत नाही, परंतु या आजोबा-नातवाच्या जोडीपुढे ते वाक्य अडखळते. बाईबाटली आणि खाणेपिणे एवढ्यापुरतीच नीती मोजायची असेल, तर राज्य १७४० साली बुडायला हवे होते. आणि सोवळे हीच नीती असेल, तर १८१८ साली ते बुडायलाच नको होते. तेव्हा कोणती नीती घसरली की समाजाला धक्का बसतो आणि एका माणसाची घसरण लाखो माणसांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हे नीट पाहायला हवे.

मराठीतील ‘पत’ या शब्दापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. बाजारात पत म्हणजे उधार मिळण्याची ताकद आणि गावात पत म्हणजे शब्दाला असलेले वजन. भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात ठेवले आहेत, कारण व्यवहारात ते एकच असतात. थोरला बाजीराव कर्जबाजारी होता याची दुसरी बाजू अशी की, सावकार त्याला कर्ज देत होते. त्याचा हिशेब पुरा होईल, शाहू महाराज त्याच्या शब्दामागे उभे राहतील आणि शिंदे-होळकरांसारखे त्याने स्वतः पुढे आणलेले सरदार मोहिमेतून परत येतील, असा त्यांचा भरवसा होता. राज्यातील असंख्य व्यवहार अशा भरवशावर चालत असतात. शेतकरी बी पेरतो, कारण पीक कापणीपर्यंत सारा ठरल्याप्रमाणेच राहील असे त्याला वाटते. शिपाई पगार थकला तरी चार महिने थांबतो. हरलेला वादी निवाडा मानतो, कारण उद्या दुसऱ्या दाव्यात हेच न्यायासन त्याच्या बाजूने तितक्याच चोखपणे उभे राहील, अशी त्याची समजूत असते. माणसाची खासगी चूक ही पत सहसा खात नाही. ती खर्ची पडते ती विश्वासघाताने, आणि विश्वासघात करणारा जितक्या मोक्याच्या जागी बसलेला असेल तितकी ती अधिक खर्ची पडते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. मारेकरी बाहेरचे नव्हते. वाड्याच्या रखवालीवरचे गारदीच होते आणि कटामागे सख्खा चुलता रघुनाथराव होता. ‘ध’ चा ‘मा’ करण्याची गोष्ट मराठी माणसाला तोंडपाठ आहे, पण ती खरी असो वा दंतकथा, तिच्यापेक्षा महत्त्वाचे जे घडले ते नंतर. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द नव्या पेशव्याला, म्हणजे रघुनाथरावाला, दोषी ठरवले, देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. त्यांच्यामागे सैन्य नव्हते. तरीही काही महिन्यांतच बारभाईंचे, म्हणजे एकत्र आलेल्या कारभारी-सरदारांचे, कारस्थान उभे राहिले आणि रघुनाथराव सत्तेबाहेर फेकला गेला. अर्थात बारभाईंतील सर्वजण न्यायासाठी तळमळत होते असे कोणी समजू नये. त्यांचे आपापले हिशेब होते. पण पेशव्याने खून केला तर तो पेशवा राहू शकत नाही, असे म्हणायला जागा होती आणि म्हणणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे फायद्याचे होते. राज्याच्या सर्वोच्च जागी अनीती शिरली होती, परंतु तिला बाहेर काढणारी यंत्रणा अजून काम करीत होती.

त्याच वर्षी, म्हणजे १७७३ सालीच, इंग्लंडच्या पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीला वेसण घालणारा पहिला कायदा केला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. १७५७ नंतर बंगालमध्ये कंपनीच्या नोकरांनी जी लूट केली ती आपल्याकडच्या कोणत्याही मामलेदाराला लाजवील अशी होती आणि १७७० च्या भीषण दुष्काळातही त्यांची वसुली थांबली नव्हती. ती माणसे नीतीने आपल्यापेक्षा उंच होती, हा निव्वळ भ्रम आहे. फरक पुढे पडला. गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसने कलेक्टरांचे पगार भरघोस वाढवले आणि त्यांचा खासगी व्यापार बंद केला, माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटमध्ये सात वर्षे खटला चालला. हेस्टिंग्ज सुटला, हे खरे. पण आपल्याला कोणीतरी हिशेब विचारू शकते, ही जाणीव मागे उरली. आपल्याकडे याच काळात उलट दिशेने प्रवास सुरू झाला होता.

घाशीराम कोतवालाचे प्रकरण या प्रवासातले मधले ठाणे आहे. १७७७ साली घाशीराम पुण्याचा कोतवाल झाला आणि चौदा वर्षे त्या जागेवर राहिला. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडेल त्याला चावडीत डांबायचे आणि दंड वसूल करायचा, हा कोतवालीचा रिवाज. त्याचा जाच किती होतो, याची कुरकुर नाना फडणवीसाच्या कानावर गेली नसेल असे मानणे कठीण आहे. पण शहराची बित्तंबातमी मिळत होती, सरकारात रक्कम जमा होत होती आणि नानाला तेवढे पुरेसे होते. ऑगस्ट १७९१ मध्ये श्रावणातील दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना कोतवालाच्या माणसांनी पकडून एका लहानशा कोंदट जागेत कोंडले आणि दार उघडले तेव्हा आत वीसच्या वर माणसे गुदमरून मेलेली आढळली. जमाव नानाच्या वाड्यावर चालून गेला. नानाने कोतवालाला त्यांच्या हवाली केले आणि ३१ ऑगस्टला, धिंड काढल्यानंतर, घाशीरामाला दगडांनी ठेचून मारण्यात आले.

या घटनेत लोकांचा रोष दिसतो, परंतु न्याय दिसत नाही. १७७३ साली प्रत्यक्ष पेशव्याला एका न्यायाधीशाने दोषी ठरवले होते. १७९१ साली एका कोतवालाची रीतसर चौकशीही पूर्ण होऊ शकली नाही. चौदा वर्षांच्या कारभाराचा हिशेब कोणी मांडला नाही, त्याला पाठीशी घालणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही आणि कोतवाली पूर्वीच्याच रिवाजांनिशी पुढे चालू राहिली. रामशास्त्री दोन वर्षांपूर्वीच वारले होते. नाना स्वतः कमालीचा कष्टाळू आणि दूरदर्शी मुत्सद्दी होता, त्यामुळे हे उदाहरण अधिकच विचार करायला लावते. माणूस दुष्ट नसतो, फक्त सोय पाहत असतो. आणि एकदा सोय म्हणून चालवून घेतलेली गोष्ट पुढच्या पिढीत रीत होऊन बसते.

सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरात वाड्याच्या सज्जावरून पडून वारला आणि गादीसाठी जी ओढाताण सुरू झाली, तिच्यात शब्दाची किंमत अक्षरशः शून्यावर आली. बेलभंडार उचलून शपथा घेतल्या जात आणि महिन्याभरात मोडल्या जात. दुसऱ्या बाजीरावाने गादीसाठी दौलतराव शिंद्याला एवढी रक्कम कबूल केली की ती फेडण्याची ऐपत त्याच्यापाशी नव्हती. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना फडणवीस शिंद्यांच्या छावणीत गेला, तो मिशेल फिलोज या शिंद्यांच्या युरोपियन सरदाराने सुरक्षिततेचा शब्द दिला होता म्हणून. त्याच फिलोजने त्याला कैद केले. पुढे शिंद्यांचे देणे भागवण्यासाठी सर्जेराव घाटग्याला पुण्यावर मोकळे सोडण्यात आले. त्याने सावकारांना आणि जुन्या कारभाऱ्यांना पकडून, मारहाण करून, काहींना तापलेल्या तोफेला बांधून पैसा काढला. पेशव्याच्या संमतीने पेशव्याचीच राजधानी लुटली गेली, ही गोष्ट वाचताना आजही अंगावर काटा येतो.

त्यानंतरची साखळी सरळ आहे. कोणाचाच शब्द कोणाला पुरेनासा झाला की प्रत्येक बोलणीला फौज, ओलीस किंवा रोकड लागते आणि मग राज्याची सगळी शक्ती आपसांतल्या जामिनकीवरच खर्च होते. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले. त्याचा भाऊ यशवंतराव फौजेनिशी पुण्यावर आला, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, दिवाळीत, हडपसरजवळ त्याने पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि बाजीराव पळून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. घरातल्या माणसाशी तह करण्याइतकी पत उरली नव्हती, म्हणून ३१ डिसेंबर १८०२ रोजी परक्याशी तह झाला. त्यात पेशव्याने कंपनीची फौज पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला आणि परराष्ट्रसंबंध इंग्रजांच्या हाती सोपवले. पुढच्याच वर्षी असई आणि अडगाव येथे शिंदे आणि भोसले हरले, तेव्हा होळकर बाजूला उभा राहून पाहत होता. त्याला दोष देणे सोपे आहे, परंतु कालपर्यंत जे एकमेकांना फसवत होते त्यांच्यावर त्याने कोणत्या आधारावर भरवसा ठेवायचा होता?

येथवर दरबाराची हकिगत झाली. दरबारातली ही कीड गावापर्यंत पोहोचवली ती इजाऱ्याच्या, म्हणजे महसूलवसुलीचा मक्ता देण्याच्या, पद्धतीने, आणि या विषयातला खरा गाभा मला तेथेच दिसतो. पूर्वी मामलतीवर, म्हणजे एखाद्या मुलखाच्या महसुली कारभारावर, जाणकार माणूस नेमला जाई, त्याच्या अंदाजाला सरकारात मागच्या जमाखर्चाशी ताडून पाहिले जाई आणि तो वर्षानुवर्षे तेथे टिकत असल्यामुळे रयतेला तगाई, म्हणजे शेतीसाठी कर्ज, देणे, पडीक जमीन लागवडीस आणणे यात त्याचाही फायदा असे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलत लिलावात निघू लागली. जो अधिक रक्कम कबूल करील त्याला इजारा मिळे आणि मधेच दुसऱ्याने अधिक बोली लावली तर पहिल्याला उठावे लागे.

समजा, एखाद्या मामलतीतून रयतेला न पिळता वर्षाला लाख रुपये निघतात. प्रामाणिक माणूस नव्वद हजारांची बोली लावील, कारण दुष्काळाची तरतूद आणि तगाईचा खर्च त्याच्या डोळ्यांसमोर असेल. दुसरा एक लाख दहा हजार म्हणेल. इजारा दुसऱ्याला मिळेल आणि त्याला सरकारचे एक लाख दहा हजार, दरबारात वाटलेले पैसे आणि स्वतःचा नफा असे सारे एका हंगामात काढावे लागेल, कारण पुढच्या वर्षी आपण येथे असू याची त्याला खात्री नाही. तो मामलतीचे तुकडे करून पोटइजारे देईल, पोटइजारदार गावाच्या पाटलावर बसेल आणि पाटील कुळांवर. कोणाकडे किती जमीन आहे हे पाहायचे कोणाला कारण उरणार नाही. कोणाकडून किती निघू शकते एवढेच पाहिले जाईल. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच मामलतीचा न्यायाधीशही असल्यामुळे रयतेपुढे दोनच मार्ग उरतील, मुकाट्याने देणे किंवा रातोरात गाव सोडणे.

या व्यवस्थेत पहिल्या माणसाचे काय होते, हे विसरता कामा नये. तो वाईट होत नाही, तो फक्त हरतो. दोन-तीन वर्षे हरल्यावर तो घरी बसतो, किंवा दुसऱ्याच्या हाताखाली कारकुनी करतो, किंवा पुढच्या लिलावात स्वतः एक लाख पंधरा हजार म्हणतो. दहा वर्षांनी त्या मुलखात फिरणाऱ्याला सगळे कारभारी लबाड दिसतील आणि तो म्हणेल की या समाजाची नीतीच गेली. वस्तुतः समाजात सचोटीची माणसे तितकीच जन्माला येत असतात, परंतु वरच्या जागेवरील एका माणसाच्या हावेने अशी चाळण तयार केलेली असते की तिच्यातून फक्त एकाच प्रकारची माणसे खाली पडतात. व्यक्तीची अनीती समाजाची अनीती होते ती अशी, उपदेश कमी पडल्यामुळे नव्हे.

राज्य घेतल्यानंतर कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात ‘दरबारखर्च’ किंवा ‘अंतस्थ’ या नावाच्या रकमेचे वर्णन आहे आणि ते मला शेकडो नीतिपर निबंधांपेक्षा मोलाचे वाटते. अंतस्थ म्हणजे मुळात दरबारातील बड्या लोकांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गुपचूप द्यायची लाच. हळूहळू तिचा दर ठरला, ती गावाकडून वसूल होऊ लागली आणि हिशेबात रीतसर खर्च म्हणून दाखवली जाऊ लागली. लाच अशी पांढरी झाली की तपासनिसाला गप्प करायला पुन्हा नवी लाच लागते, तेव्हा तिच्यासाठी आणखी वसुली झाली. आणि या नाजूक रकमांची कोणी बारकाईने तपासणी करीत नसल्यामुळे मामलेदार त्या नावाखाली स्वतःसाठी धन्यापेक्षा जास्त काढू लागला. वहीत एक ओळ वाढली, एवढेच. त्या ओळीखाली सही करणाऱ्या कारकुनाला आपण काही गैर करतो आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते, कारण त्याने नोकरी धरली तेव्हा ती ओळ तेथे होतीच.

एल्फिन्स्टन हा जिंकणारा होता आणि हरलेल्याचा कारभार वाईट दाखवणे त्याच्या सोयीचे होते, हे ध्यानात ठेवावेच लागेल. परंतु त्याच अहवालात त्याने नानाच्या काळच्या बंदोबस्ताची आणि गावपंचायतींची प्रशंसाही केली आहे, त्यामुळे त्याचे म्हणणे सरसकट झटकून टाकता येत नाही. तसेच, केवळ अनीतीमुळे पेशवाई बुडाली असे मी म्हणत नाही. कंपनीपाशी बंगालचा महसूल होता, समुद्र तिच्या ताब्यात होता, कवायती फौजेला वेळेवर पगार मिळत होता. समोर सगळे संत असते तरी लढाई अवघडच गेली असती. अनीतीने एवढेच केले की अवघड लढाईत जे शेवटचे भांडवल उपयोगी पडते, म्हणजे माणसांनी एकमेकांसाठी टिकून राहणे, ते आधीच संपवून ठेवले.

मग इतका उघड ऱ्हास त्या काळच्या लोकांना खुपला कसा नाही? माझ्या मते नीती या शब्दाचा अर्थच आकसला होता. कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यायले, कोणाचा विटाळ झाला, प्रायश्चित्त कोणते, याची चर्चा कडक होत होती, पण मामलत लिलावात काढणे हे पाप आहे असे म्हणणारे धर्मपीठ नव्हते. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई, ती याच इजाऱ्याच्या पैशातून. ज्यांना अस्पृश्य ठरवून या नीतीने वेशीबाहेर ठेवले होते, त्यांनी या राज्यासाठी का लढावे याचे उत्तरही तिच्यापाशी नव्हते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कंपनीच्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पुढे १८४८ पासून लोकहितवादींनी आपल्या पत्रांतून याच गोष्टीवर कोरडे ओढले. त्यांचे घराणे पेशवाईतले, वडील बापू गोखल्याचे फडणीस. म्हणजे हा आरोप बाहेरून झाला नव्हता.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होता. त्याआधी कंपनीच्या शिपायांना पैशाने फोडण्याचा प्रयत्न करून झाला होता, कारण प्रत्येक माणसाला भाव असतो हेच एवढ्या वर्षांच्या कारभारातून तो शिकला होता. १७ नोव्हेंबरला पुणे पडले आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लावायला बाळाजीपंत नातू पुढे झाला, ज्याच्या नावाने पुणेकर अजून बोटे मोडतात. बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला लढता लढता पडला आणि त्या वेळीही पेशवा रणांगण सोडून निघाला होता.

शरणागतीनंतर कंपनीने बाजीरावाला सालीना आठ लाख रुपयांची नेमणूक देऊन कानपूरजवळ बिठूरला ठेवले. तेथे गंगेकाठी स्नानसंध्या आणि दानधर्म करीत तो २८ जानेवारी १८५१ पर्यंत जगला, म्हणजे पेशवा म्हणून जितकी वर्षे पुण्यात काढली त्याहून सुमारे अकरा वर्षे अधिक. तो वारल्यावर दत्तक मुलाने, नानासाहेबाने, ती नेमणूक पुढे चालू ठेवण्याची मागणी केली, तेव्हा कंपनीने करार काढून पाहिला आणि शब्द फक्त बाजीरावापुरता दिला होता, असे उत्तर पाठवले.